कट्टेपेटचा एकेचाळिसावा ठराव

शनिवारी दुपारी बारा वाजता कट्टेपेटची नगरपालिका कायमची बंद होणार होती. शुक्रवारी सकाळी सात वाजता तिचा शिपाई विठोजी वसुमतीच्या दारात उभा राहिला. पागोटं हातात, पायांत चपला नाहीत.

"अक्का, आमचा ठराव बुकात नाही."

वसुमती शाळेत निघाली होती. कट्टेपेटच्या म्युनिसिपल शाळेची ती मुख्याध्यापिका. वय चाळीस, लग्न केलेलं नाही, आणि गावात कुणाला काही अडलं की पहिली आठवण हिचीच व्हायची.

"कुठला ठराव, विठोजीअण्णा? बसा आधी."

"एकेचाळीस नंबरचा. चौतीस सालचा. आमच्या गल्लीचा." विठोजी बसला नाही. "काल कॉर्पोरेशनच्या साहेबांनी बुक उघडलं. एकेचाळीस नंबरला विहिरीचा दोर लिहिलाय!"

"दोर?"

"दोर आणि दोन बादल्या. साहेब म्हणतात, तुमच्या अठरा घरांना कागद नाही, म्हणजे अतिक्रमण. उद्या बाराला यादी बंद. मोकळी जमीन म्हणून आमची जागा यादीत गेली, तर घरं पाडणार."

"असं कसं पाडतील? सगळ्या गावाला माहीत आहे की जागा नगरपालिकेनेच दिली."

विठोजीने मान खाली घातली. पुढचं बोलणं त्याला जड जात होतं.

"साहेबांनी तुमचं पुस्तक दाखवलं, अक्का. म्हणाले, तुमच्या बाईंनीच इतिहास लिहिलाय. त्यातही ठराव नाही."

वसुमतीने हातातली छत्री खाली ठेवली. त्या दिवशी ती शाळेत गेली नाही.

पुस्तक तिचंच होतं. 'कट्टेपेट नगरपालिका : एकोणपन्नास वर्षं'. तीनशे प्रती, मागच्या आठवड्यात चामराजपेटेतल्या छापखान्यातून आलेल्या. एकोणीसशे तेरा साली गावाला नगरपालिका मिळाली, तेव्हा रस्त्यांवर रॉकेलचे अकरा दिवे लागले आणि त्यातले दोन अध्यक्षांच्याच दारात होते, हेही तिने लिहिलं होतं. प्लेगात गाव माळावर राहिलं ते, पहिला नळ आला ते, नळाला पाणी यायला पुढे चार वर्षं लागली ते. आणि आता बंगळूर शहर वाढत वाढत वेशीपर्यंत आलं होतं. एकतीस मार्च एकोणीसशे बासष्टला कट्टेपेट कॉर्पोरेशनमधला एक वॉर्ड होणार होतं.

चौतीस साली यशवंतपूरकडे जाणारा रस्ता रुंद केला, तेव्हा शहाजीराजांच्या वेळेपासून तिथे राहिलेल्या मराठ्यांची अठरा घरं पाडली. त्यांना तळ्याच्या बांधाजवळ जागा दिली. कागद असा दिला नाहीच. ठराव केला, विठोजीच्या बापाने गावभर दवंडी पिटली, आणि लोक राहायला गेले. त्या काळी तेवढं पुरायचं. जिल्हा कचेरीत ठरावाची प्रत गेली होती, ती वाळवीने खाल्ली. उरलं होतं ते फक्त नगरपालिकेचं ठरावबुक.

वसुमतीने ते बुक जानेवारीत पानन् पान वाचलं होतं. तिला गल्लीचा ठराव सापडला नव्हता, म्हणून तिने 'पुढे तेथे वस्ती झाली' एवढंच लिहिलं. लिहिलेलं सापडेल तेवढंच घ्यायचं, ऐकीव काही घालायचं नाही, हा तिचा नियम. तो तिला मामांनी शिकवला होता.

आता त्या नियमाची तिला लाज वाटत होती. विठोजी रोज समोर दिसत होता, त्याला साधं विचारायचं तिच्या मनात आलं नव्हतं.

नगरपालिकेच्या दिवाणखान्यात उद्याच्या समारंभासाठी खुर्च्या मांडणं चाललं होतं. कॉर्पोरेशनचे विशेष अधिकारी विश्वेश्वरराव टेबलाशी याद्या तपासत होते. माणूस चामराजपेटेतला, घरी मराठी बोलणारा, पण कामात कुणाचं नातं न मानणारा.

"बाई, मला त्या लोकांचं वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण माझ्यापुढे बुक आहे. पानांचे आकडे सलग आहेत. खाडाखोड नाही. फाटलेलं नाही. मी काय करू?"

"बुक बघू शकते?"

"बघा. पण उद्या बाराच्या आत मला कागद हवा. बारानंतर ही नगरपालिकाच नसेल, मग कुणाला विचारणार?"

वसुमतीने बुक उघडलं. चौतीस ते छत्तीस साल. सुबक कानडी अक्षर, त्रिविक्रमरावांचं. तेव्हा ते इथे गुमास्ते होते, पुढे सेक्रेटरी झाले, चार वर्षांपूर्वी निवृत्त. गावात त्यांना सगळे 'रायर' म्हणत. वसुमतीचे ते मामा. तिचे आईबाप गेल्यावर सातव्या वर्षापासून त्यांनीच तिला वाढवलं, शिकवलं, आणि बाकीचे सगळे तिच्या लग्नाच्या मागे लागले तेव्हा तेच एकटे म्हणाले, 'तिला शिकवू द्या.' पुस्तक तिने त्यांनाच अर्पण केलं होतं.

ठराव चाळीस, प्राथमिक शाळेचं छप्पर. एकेचाळीस, दोर आणि बादल्या. बेचाळीस, कोंडवाडा. खाली तेव्हाच्या अध्यक्षांची सही. तेही जाऊन वीस वर्षं झालेली.

तिने पानं चाळत शेवटचं कोरं पान गाठलं. त्यावर कुंकवाच्या टिकल्यांच्या ओळी होत्या. एक, दोन, तीन... अठ्ठावीस.

"या कसल्या, विठोजीअण्णा?"

"खंडेनवमीच्या, अक्का. दर वर्षी सगळी बुकं चौरंगावर मांडून पूजा करतो. एका वर्षाची एक टिकली. आधी माझा बाप लावायचा, आता मी. मग दसऱ्यापर्यंत बुकाला हात लावायचा नाही."

चौतीस ते एकसष्ट, अठ्ठावीस नवमी. हिशेब बरोबर होता. तरी तिला काहीतरी खटकलं. सगळ्या टिकल्या सारख्याच लाल होत्या.

"कुंकू दर वर्षी एकाच दुकानातलं आणता?"

"छे! मिळेल ते. कधी पेटेतलं, कधी जत्रेतलं."

तिने कपाटातून एकोणतीस सालचं बुक काढून तेच पान बघितलं. तिथे काही टिकल्या लाल, काही विटकरी, काही पार काळपट. मग सहज तिने ते पान उलटलं. मागच्या बाजूला प्रत्येक टिकलीच्या जागी एक तेलकट पिवळा डाग उमटला होता.

"हे पिवळं काय?"

"आमचा देव मैलारलिंग, खंडोबा. आधी भंडारा लावायचा, मग कुंकू. आणि कोरडा भंडारा झडतो, म्हणून तेलात कालवून लावतो. वरून कुंकवाने झाकला जातो तो. बापाची पद्धत."

वसुमतीने चौतीस सालच्या बुकाचं पान उलटलं. तिने आणखी चार बुकं काढून तपासली. मग सगळी बुकं होती तशी परत ठेवली आणि विश्वेश्वररावांना एवढंच सांगितलं, "हे बुक उद्यापर्यंत तुमच्याच कुलपात ठेवा. कुणालाही देऊ नका, मलासुद्धा."

दफ्तराच्या खोलीची किल्ली विठोजीकडे असायची, आणि किल्ली कुणी नेली याची वही होती. गेल्या दसऱ्यापासून आजवर विठोजीखेरीज चौघेच आत गेले होते. वसुमती स्वतः. तिला जुने कागद लावून द्यायला दोन महिने रोज तिच्याबरोबर बसलेले त्रिविक्रमराव. हेडक्लार्क जयसिंगराव. आणि अध्यक्ष मल्हारराव, तेही एकदाच.

मल्हाररावांना तिने त्यांच्या ओसरीवर गाठलं. सुपारी कातरत बसले होते.

"मागे सभेत तुम्ही म्हणाला होता, गल्ली हलवून तिथे बसस्टँड करू."

"म्हणालो होतो. अठरा घरांनी मला मत दिलं नाही म्हणून रागाने बोललो. म्हणून मी बुक खाल्लं म्हणता?"

"तुम्ही दफ्तरात गेला होता."

"स्वल्प वेळ. माझ्या बापाचा फोटो शोधायला. तुमच्याच पुस्तकाला हवा होता ना?"

हे खरं होतं. फोटो पृष्ठ बावीसवर छापला होता, आणि तो चुकून उलटा छापला होता म्हणून मल्हारराव अजून रुसलेले होते.

"खंडेनवमीच्या पूजेला कोण असतं?"

"आता पूजेचं काय मध्येच?"

"सांगा तर."

"ऑफिसातले सगळे. भंडाऱ्याची वाटी मी धरतो, मैलारलिंग आमचाही देव. नारळ जयसिंगराव फोडतो, आणि अर्धा स्वतःच खातो. रायर तेवढे कधी नसायचे. त्यांच्या घरचं नवरात्र मोठं, त्या दिवशी रजा ठरलेली. पण दुसऱ्या दिवशी पद्मावतीबाईंच्या हातच्या हयग्रीवाचा, हरभऱ्याच्या डाळीच्या गोडाचा, डबा यायचा. तुम्हीच आणून द्यायचा ना लहानपणी?"

"हो," वसुमती म्हणाली.

जयसिंगराव टाइपरायटर गोणपाटात गुंडाळत होते. त्यांना कॉर्पोरेशनमध्ये जागा मिळायची होती, त्यामुळे ते सगळ्यांशीच फार गोड बोलत होते.

"गल्लीमागची रेशीम गिरणी गोदामासाठी जागा शोधतेय म्हणतात. खरं?" वसुमतीने विचारलं.

"शोधतेय. माझ्याकडेही माणूस आला होता. गल्लीचे कागद कसे आहेत विचारत होता. मी म्हटलं, ठराव आहे, नीट वाचा."

"म्हणजे ठराव तुम्ही वाचला होता?"

"वाचला नाही हो. आहे असं सगळेच म्हणतात, म्हणून मीही म्हटलं." ते कसनुसं हसले. "चौतीस सालचं बुक कोण उघडतंय, बाई? रायरांनी लिहिलंय म्हणजे बरोबरच असणार."

संध्याकाळी पाचच्या सुमारास ती मामांकडे गेली. अग्रहारातलं हे घर नगरपालिकेपासून चार घरांवर. मामा झोपाळ्यावर वाचत होते. मामांचा मुलगा भीमसेन आणि त्याची बायको विमला त्याच्या सासुरवाडीला गेले होते. गेल्या वैशाखात त्यांचं लग्न झालं. रेशीम गिरणीच्या मालकाची मुलगी; एवढ्या मोठ्या घरचं स्थळ कसं जमलं याचं गावाला नवल वाटलं होतं. लग्नात वसुमतीनेच करवली म्हणून मिरवलं होतं.

"मामा, विठोजीच्या गल्लीचा ठराव झाला होता का?"

"चर्चा झाली होती खरी." मामांनी चष्मा काढून पुसला. "ठराव झालाच असेल असं नाही. अठ्ठावीस वर्षं झाली, वसू. आठवत नाही."

सतरा सालच्या सगळ्या मेंबरांची नावं त्यांनी तिला कागद न बघता सांगितली होती.

"मग आता काय करू?"

"तू काय करणार? लिहिलेलं आहे तेच खरं. विठोजी भला माणूस आहे, पण त्याच्या बापाने दवंडी पिटली म्हणजे ठराव होत नाही. उद्या समारंभात तुझ्या पुस्तकातलं वाच. चांगलं वाच."

आत मामी पद्मावती रात्रीच्या आरतीची तयारी करत होती. वसुमती उंबऱ्याशी बसली.

"मामी, मी सहाण धुऊन ठेवू?"

"नको गं बाई. हल्ली देवघर तुझे मामाच बघतात. खालचं फडताळ तर मला उघडूही देत नाहीत. म्हणे सासूबाईंची जुनी पोथी रेशमात बांधून ठेवलीय. संक्रांतीपासून चाललंय. म्हातारपणी भक्ती वाढली, दुसरं काय."

"जेवून जा," मामी म्हणाली. वसुमती जेवली नाही. घरी जाऊन तिने आपल्या इतिहासाचा कच्चा खर्डा काढला. जुन्या जाड कागदाचं एक कोरं बुक होतं ते. नगरपालिकेच्या माळ्यावर चौतीस सालची अशी दोन कोरी बुकं पडून होती. जानेवारीत मामांनी त्यातलं एक तिच्या हातात ठेवलं. 'यावर लिही. असा कागद आता मिळत नाही.' आणि पहिल्या पानावर, घरातल्या प्रत्येक नव्या वहीवर लावत तसं, स्वतः चंदन उगाळून गंधाचा ठिपका दिला, त्यावर कुंकू टेकवलं.

तिने ते पहिलं पान उलटून दिव्याशी धरलं. बराच वेळ तसंच धरून ठेवलं. मग बुक मिटलं आणि चेहरा धुतला. तो पुन्हा पुन्हा धुवावा लागला.

शनिवारी साडेदहाला दिवाणखाना भरला. भिंतीला पताका, टेबलावर हार. पुढच्या खुर्चीत त्रिविक्रमराव जरीकाठी उपरणं घेऊन बसले होते. त्यांना शाल द्यायची होती. बायकांच्या बाजूला मामी. दाराशी गल्लीची माणसं उभी होती, आत या म्हटलं तरी न येणारी. मल्हाररावांनी लांबलचक भाषण केलं. मग वसुमती उठली. सगळ्यांना वाटलं ती पुस्तक वाचणार.

"मी हे पुस्तक वाचणार नाही," ती म्हणाली. "यातलं एक पान खोटं आहे, आणि ते मी लिहिलंय. साहेब, चौतीस सालचं बुक देता? विठोजीअण्णा, बाकीची बुकंही आणा."

विश्वेश्वररावांनी कुलूप काढून बुक टेबलावर ठेवलं. तिने एकेका बुकाचं शेवटचं पान उलटून त्यांच्यापुढे धरलं.

"काय दिसतं?"

"पिवळे डाग. तेलकट."

"विठोजी आधी तेलातला भंडारा लावतात, मग कुंकू. तेल कागदातून मागे उतरतं. प्रत्येक बुकात उतरलंय. आता हे बघा."

विश्वेश्वररावांनी चौतीस सालचं पान उलटलं, खिडकीशी नेलं, परत आणलं.

"इथे पिवळं काहीच नाही."

"नाहीच. हे बुक एकदाही नवमीच्या चौरंगावर बसलेलं नाही. एक ठराव बदललाय असं नव्हे, साहेब. सगळं बुकच नवीन लिहिलंय. मूळ बुक समोर ठेवून, ओळीला ओळ उतरवून. फक्त एकेचाळीस नंबरला गल्ली गेली आणि दोर आला. शेवटी टिकल्यासुद्धा मोजून अठ्ठावीस लावल्या, पण सगळ्या एकाच डबीतल्या. म्हणून त्या सारख्याच लाल आहेत."

दाराशी कुजबुज झाली. जयसिंगराव घाम पुसायला लागले.

"कुणी?" मल्हाररावांनी विचारलं. त्यांचा आवाज चढला होता. "तुमचा रोख माझ्यावर असेल तर..."

"तुमच्यावर नाही. भंडाऱ्याची वाटी तुम्ही धरता. जयसिंगराव शेजारी नारळ घेऊन उभे असतात. तुम्ही दोघांपैकी कुणी हे केलं असतं तर भंडारा विसरला नसता. ज्याने केलं त्याने दसऱ्याला बुकं उघडताना वरचं कुंकू वर्षानुवर्षं पाहिलं, पण ते लावताना कधीच पाहिलं नाही. नवमीला तो माणूस रजेवर असायचा."

वसुमतीने पुढच्या रांगेकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर तिच्याच्याने पुढे बोलवलं नसतं.

"या टिकल्यांच्या मागे पिवळं नाही, पण दुसरं काही आहे. गंधाचं फिकट वर्तुळ. नखाने खरवडा साहेब, चंदनाचा वास येईल. आमच्या घरी वहीवर आधी गंध लावतात, मग कुंकू. हा माझा खर्डा. माळ्यावर दोन कोरी बुकं होती. एक मला मिळालं. त्याचं पहिलं पान बघा आणि हे शेवटचं बघा. कागद तोच, गंध तसंच. अक्षर नकललेलं का वाटत नाही, तेही सोपं आहे. नक्कल केलेलीच नाही. चौतीस साली ज्याने लिहिलं, त्यानेच यंदा लिहिलं."

"वसू!" मामी उभी राहिली होती.

त्रिविक्रमराव मात्र बसूनच होते. उपरण्याचं टोक त्यांनी नीट मांडीवर घेतलं.

"वसुमती," ते म्हणाले, "गंध सगळेच लावतात. ह्याला पुरावा म्हणत नाहीत. मूळ बुक असेल तर दाखव. मी तुला काय शिकवलंय?"

"तेच शिकवलंत, मामा. म्हणूनच मी काल रात्रभर विचार केला की तुम्ही ते जाळलं असेल का." आता तिने त्यांच्याकडे बघितलं. "लहानपणी वहीला माझा पाय लागला तर तुम्ही मला ती डोळ्यांना लावायला लावायचा. अठ्ठावीस वर्षं पूजा झालेलं बुक तुम्ही चुलीत घालणं शक्यच नाही. विहिरीत टाकणंही नाही. ते तुम्ही देवाजवळच ठेवणार. खालच्या फडताळात, रेशमात बांधून, आजीची पोथी म्हणून."

मामांच्या हातातलं उपरणं घसरलं. ते त्यांनी उचललं नाही.

पद्मावती मामी बाहेर गेली. पावणेबारा झाले होते. विश्वेश्वरराव एकदा घड्याळाकडे, एकदा दाराकडे बघत होते. यादीचं पान त्यांनी उघडंच ठेवलं होतं.

ती पाच मिनिटांत परत आली. छातीशी रेशमी गाठोडं. चाळीस वर्षांच्या संसारात ती सोवळ्याशिवाय देवघराची पायरी चढली नव्हती. आता अंगावर समारंभाची साडी तशीच होती आणि पदर खांद्यावरून निसटला होता. तिने गाठोडं नवऱ्यापुढून नेलं आणि दाराशी उभ्या असलेल्या विठोजीच्या हातात दिलं.

विठोजीने ते आधी डोळ्यांना लावलं. मग सोडलं, शेवटचं पान काढलं, उलटलं. अठ्ठावीस पिवळे डाग.

"ही पहिली माझ्या बापाने लावलेली," तो म्हणाला, आणि बुक विश्वेश्वररावांपुढे ठेवलं.

विश्वेश्वररावांनी एकेचाळिसावा ठराव मोठ्याने वाचला. अठरा कुटुंबप्रमुखांची नावं, तळ्याच्या बांधाजवळची जागा, पिढ्यानपिढ्या राहण्याचा हक्क. नावं वाचली जात असताना दाराशी एकेक माणूस 'आमचे आजोबा', 'आमचे चुलते' असं म्हणत होतं. बाराला सात मिनिटं कमी असताना गल्ली हक्काची वस्ती म्हणून यादीत चढली, आणि शेजारी विश्वेश्वररावांची सही झाली.

"रायर, तुम्हाला माझ्याबरोबर यावं लागेल," ते म्हणाले. "सरी, ठीक आहे, आधी पाणी प्या. पण यावं लागेल."

लोक बाहेर पडले. शाल टेबलावर घडीचीच राहिली. मामा आणि वसुमती क्षणभर समोरासमोर आले.

"भीमसेनच्या सासऱ्यांनी लग्नाआधीच शब्द मागितला होता," मामा हळूच म्हणाले. "मुलगा माझा साधा. त्याला गिरणीत घेतलं नसतं तर जन्मभर कारकुनी केली असती. मी केली तशी."

"अठरा घरं जाणार होती, मामा."

"कॉर्पोरेशनने त्यांना दुसरीकडे जागा दिली असती."

"नसती दिली. तुम्हाला माहीत आहे." तिला राग आला होता, आणि तो तिने लपवला नाही. "पण मला एकच विचारायचंय. बुक बदललंत ते बदललंत. मला इतिहास लिहायला का सांगितलंत? दोन महिने शेजारी बसून कागद लावून दिलेत. ते खोटं बुक तुमच्याच हाताने माझ्यापुढे ठेवलंत. का?"

मामांनी तिच्या हातातल्या पुस्तकाकडे बघितलं.

"तू लिहिलंस की कुणी शंका घेत नाही," ते म्हणाले. "सगळ्यांचा तुझ्यावर विश्वास आहे, वसू."

मग ते विश्वेश्वररावांच्या मागे जिना उतरले. काठी घ्यायची विसरले होते. ती खाली नेऊन द्यावी असं तिला वाटलं, आणि ती जागची हलली नाही. काठी शेवटी मामीने नेली.

पुढच्या रविवारी शाळेच्या पडवीत वसुमती आणि विठोजी पुस्तकांच्या गठ्ठ्यांपुढे बसले होते. तिने दुरुस्तीची चिठ्ठी छापून आणली होती. पृष्ठ एकतीसवर चिकटवायची. ठराव एकेचाळीस, अठरा नावं, आणि खाली बुक कुणी बदललं होतं ते, नावासह. कट्टेपेट नगरपालिकेच्या इतिहासातली ती शेवटची घटना होती, आणि ती वगळायची म्हटलं तर मग बाकीचं कशाला लिहिलं, असं तिला वाटलं.

विठोजी खळ लावत होता. एका प्रतीचं पहिलं पान उघडून तो थांबला. 'ज्यांनी मला कागद वाचायला शिकवलं, त्या माझ्या मामांस.'

"अक्का, हे पान काढू काय? धार लावलेली पट्टी आहे, सफाईने निघेल."

"बेडा, अण्णा."

"राहू दे म्हणता? एवढं सगळं झाल्यावर?"

वसुमतीने त्याच्या हातून पुस्तक घेतलं आणि पृष्ठ एकतीस काढून पुढे ठेवलं.

"ते लिहिलं तेव्हा खरं होतं," ती म्हणाली. "इथे लावा चिठ्ठी. नीट दाबा, निघायला नको."